उजव्या हाताचा दाखला

रेवा आणि ईशान,

गेल्या महिन्यात रेवाचं मनगट मोडलं आणि तुमच्या शाळेनं एक फॉर्म घरी पाठवला. परीक्षेला जास्त वेळ हवा असेल तर तुला काय काय करता येत नाही ते लिही, असं त्यात विचारलं होतं. रेवा फोनवर म्हणाली, "आजी, इट्स सो एम्बॅरसिंग." एका पानाचा फॉर्म भरायला तिनं दोन दिवस लावले. मी "त्यात लाजायचं काय" असं म्हणून फोन ठेवला खरा, पण मग हे पत्र लिहायला बसले. तसाच एक कागद मी एकदा दुसऱ्या एका माणसासाठी भरला होता. त्याला तीन शुक्रवार लागले होते. त्या माणसाबद्दल तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं आहे. तुमच्या आईला ते आठवत असतील. तिच्या दहावीच्या वह्यांवरचं नाव त्यांच्याच हातचं होतं.

त्यांचं नाव दिनकर सुतार. गाव गडहिंग्लजजवळचं. पण त्यांना सुतार म्हणून कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. मालकांपासून गेटवरच्या पठाणापर्यंत सगळे त्यांना 'पेंटर' म्हणत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही शारजात राहत होतो. तुम्ही लहानपणी सुट्टीत यायचात ते दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधलं घर खूप नंतरचं. मी जवळच्या उम्म अल कुवैन शहराच्या इंडस्ट्रियल एरियात दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्या एका कंपनीत सेक्रेटरी होते. पत्रव्यवहार, फायली आणि माणसांच्या व्हिसाचे कागद माझ्याकडे असत. मागच्या शेडमध्ये पेंटर हातानं बोर्ड रंगवत.

उंचीनं बेताचे, अंगानं सडसडीत, उजव्या कानावर खडूचा तुकडा. ऑफिसात यायचं असलं की आधी रॉकेलनं हात धुवायचे, मग साबणानं, मग स्वतःच हुंगून बघायचे. दार उघडं असलं तरी टकटक करायचे आणि पायपुसण्यावर उभे राहायचे. त्यांचे ब्रश एका जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेले असत आणि त्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. नवा ब्रश आणला की भाव सांगायचे, "दहा दिरहम, म्हणजे एकशे अठरा रुपये," आणि मग गावाकडे तेवढ्यात काय काय आलं असतं ते मोजायचे.

त्यांना अरबी वाचता येत नव्हतं. तरी उम्म अल कुवैनमधले निम्मे अरबी बोर्ड त्यांच्या हातचे होते. गिऱ्हाईक कागदावर मजकूर लिहून आणी, पेंटर तो कागद भिंतीला चिकटवून दहा मिनिटं नुसते बघत उभे राहत, आणि मग उजवीकडून डावीकडे एका दमात खडूनं आखून टाकत. एकदा एका किराणा दुकानदारानं आणलेला कागद त्यांनी परत केला. "ह्यात कायतरी कमी हाय," म्हणाले. दुकानदार चिडला. अरबी त्याची मातृभाषा. "तू पढ़ता है क्या अरबी?" त्यानं विचारलं. पेंटर म्हणाले, "पढ़ता नहीं साहब. पर ये शब्द का चेहरा पहचानता हूँ. इसको इधर दो टिंब होते हैं, आपने एक दिया." दुकानदारानं कागद डोळ्यांजवळ नेला, मग हसला, आणि जाताना पेंटरांच्या खांद्यावर हात टाकून गेला. किराणा दुकानाला अरबीत जो शब्द आहे तो पेंटरांनी दोनशे वेळा तरी रंगवला असेल.

रस्त्यानं चालताना ते बोर्ड वाचत नसत, तपासत. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, आमच्याकडे जेवायला आले की बसस्टॉपपासून घरापर्यंतचा हिशेब आल्या आल्या द्यायचे. "त्या न्हाव्याच्या दुकानाचा बोर्ड घाईत लिवलाय. लिवणाऱ्याला घरची आठवण येत असणार." तुमचे आजोबा त्यांना चिडवायचे, "पेंटर, अक्षरावरून माणूस ओळखता, मग माझ्या सहीवरून काय दिसतं?" पेंटर सही नीट बघून म्हणाले, "साहेब, तुम्हाला लवकर उठायची सवय न्हाई." ते खरं होतं.

आमच्या कंपनीत अक्षरं कापायचं कॉम्प्युटरचं मशीन आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता पेंटर संपले. मॅनेजर त्यांना मुद्दाम दाखवायला घेऊन गेले. पेंटरांनी कापलेल्या अक्षरांवरून बोटं फिरवली, मनापासून कौतुक केलं आणि मला येऊन सांगितलं, "झ्याक काम हाय मॅडम. फकस्त समदी अक्षरं एकाच वयाची दिसत्यात." मशीन आलं तरी गोदामांच्या उंच भिंती आणि ट्रकांची दारं त्यांच्याकडेच राहिली. तिथे मशीन चढत नव्हतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. पेंटर कुणाकडूनही काहीही घेताना उजवा हात पुढे करत आणि डाव्या हाताचा तळवा उजव्या कोपराखाली धरत. चहाचा ग्लास असो, पगाराचं पाकीट असो. त्यांच्या घरी तसं शिकवलं होतं. आमच्याकडे गणपतीत ते प्रसाद वाटत होते आणि तुमच्या आईनं अभ्यास करता करता डावा हात पुढे केला. पेंटरांनी मोदक तसाच धरून ठेवला.

"बाळ, उजवा."

"काका, आय हॅव अ पेन इन दॅट हँड."

"मग पेन ठेव की."

तिनं पेन खाली ठेवेपर्यंत ते थांबले. रागावले नाहीत. त्यांना घाई नव्हती.

एका गोदामाच्या भिंतीवर मालकाचं नाव रंगवताना शिडी सरकली आणि पेंटर दोन पुरुष उंचीवरून उजव्या हातावर पडले. कोपर मोडलं. ऑपरेशन होऊन आत धातूची पट्टी बसवली, हाड जुळलं, टाके निघाले. हात दिसायला अगदी पूर्वीसारखा झाला आणि हेच पुढे नडलं. हाड जुळलं तरी आतली नस गेली होती. बोटं वळत, पण धरून ठेवत नसत. ब्रश हातात दिला की थोडा वेळ राहायचा आणि मग त्यांना न कळता निसटायचा. ते वाकून उचलायचे, आजूबाजूला कुणी पाहिलं का बघायचे, पुन्हा धरायचे.

तिथल्या कायद्याप्रमाणे कामावर अपघात होऊन कायमचं अधूपण आलं तर भरपाई मिळत असे. किती अधूपण आलं ते सरकारी डॉक्टर तपासून ठरवत आणि त्या दाखल्यावर इन्शुरन्स कंपनी पैसे देई. पेंटरांचं वय तेव्हा पन्नाशीला आलेलं. गावाकडे बायको आणि लग्नाची मुलगी, शेती नाही, हातातल्या कलेशिवाय दुसरं काही नाही. पुढचं आयुष्य ह्या एका दाखल्यावर उभं राहणार होतं. क्लेमचा फॉर्म मीच टाइप केला. तपासणीला दुभाषी म्हणून मीच जावं असं ठरलं.

आदल्या दिवशी मी त्यांना बजावलं, "दाढी करून या. इस्त्रीचा शर्ट घाला. मोठे डॉक्टर आहेत, अदबीनं बोला." मला तुम्ही ओळखता. घरात वर्तमानपत्राची घडी वाकडी पडलेली मला चालत नाही. मला वाटलं, माणूस नीटनेटका दिसला की त्याचं काम नीट होतं.

पेंटर पांढरा शर्ट घालून आले. त्याची बटणं कुणी लावली असतील हा विचार माझ्या मनात आला नाही. डॉक्टर वयस्क अरब गृहस्थ होते, आवाज मऊ, वागणं घरंदाज. आम्ही बसल्याबरोबर त्यांनी थर्मासमधून वेलदोड्याच्या कहव्याचे, म्हणजे अरबी कॉफीचे, छोटे बिनकानाचे कप भरले आणि पहिला कप स्वतः उठून पेंटरांपुढे धरला.

पेंटरांनी उजवा हात पुढे केला. डावा तळवा कोपराखाली गेला. आता त्या डाव्या हातानं नुसता मान दिला जात नव्हता, उजव्याचं सगळं वजन त्याच्यावर होतं. हे मला दिसत होतं. डॉक्टरांना दिसला तो एक सभ्य माणूस, त्यांच्याच घरच्या रीतीनं उजव्या हातानं कप घेणारा. पेंटरांनी तीन घोटांत कहवा संपवला आणि कप ट्रेमध्ये ठेवला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. खोलीत एसी चालू होता.

"हात आता कसा आहे?" डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं. मी हिंदीत विचारलं, कारण मराठीत आम्ही दोघंच काही ठरवतोय असं त्यांना वाटू नये.

"अब ठीक है साहब. आपकी मेहरबानी."

मोठ्या माणसानं विचारपूस केली की ठीक आहे म्हणायचं, हे त्यांच्या हाडात होतं. मी तेव्हा चार शब्द स्वतःचे घालू शकले असते. मी मिशनरी शाळेत शिकलेली, दुभाष्यानं स्वतःचं काही मिसळायचं नसतं असं मला वाटे. मी इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, आता ठीक आहे आणि ते तुमचे आभारी आहेत."

डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, कोपर वाकवून बघितलं, लिहून घेतलं. परत येताना गाडीत पेंटर म्हणाले, "देवमाणूस हो. सवता उठून कप दिला."

तीन आठवड्यांनी दाखला आला. तो मीच फाइलला लावला, म्हणून शब्द पाठ आहेत. हाड पूर्ण जुळलं आहे. रुग्ण उजव्या हाताने कप उचलून व्यवस्थित पितो. पकड समाधानकारक. कायमचे अधूपण नाही. कामास योग्य. इन्शुरन्स कंपनीनं त्याच्याखाली दोन ओळींचं पत्र जोडून क्लेम नामंजूर केला.

आमचे मॅनेजर कागदावर चालणारे गृहस्थ. त्यांनी पेंटरांना बोलावून सांगितलं, "मेडिकली फिट है. शनिवार से सीढ़ी पर."

मी त्यांना मागच्या शेडमध्ये गाठलं. अपील करता येतं, महिन्याच्या आत अर्ज द्यायचा, मग तीन डॉक्टर पुन्हा तपासतात, हे सगळं समजावलं. पेंटर मान हलवत राहिले. मला वाटलं त्यांना पटतंय. मग म्हणाले, "न्हाई मॅडम. असं कसं करायचं?"

"असं म्हणजे?"

"त्यांच्याकडं आपण चहापाणी घेतलं. आता त्यांच्यावरच तक्रार लिवायची?"

"तक्रार नाही ती. त्यांची चूक झाली, एवढंच सांगायचं."

"चूक त्यांची कुठं? ते म्हणाले कसं हाय, मी म्हणलो बरं हाय."

आणि ते 'बरं हाय' इंग्रजीत पोचवणारा मधला माणूस मी होते.

शनिवारी ते खरंच शिडीवर गेले. एका गॅरेजच्या भिंतीवर नुसती एक आडवी रेघ मारायची होती. रेघ मारून ते खाली उतरले, लांब जाऊन बघितली, परत वर गेले आणि टर्पेंटाइनच्या फडक्यानं ती पुसून टाकली. हे मला त्यांच्याबरोबर गेलेल्या मदतनिसानं सांगितलं. दुपारी पेंटर ऑफिसच्या दारात उभे राहिले. ह्या वेळी हात धुतले नव्हते.

"मॅडम, कागद म्हणतोय हात चांगला हाय. म्हंजे मी खोटा ठरलो की," ते म्हणाले. "लिवा तुम्ही."

ऑफिसच्या टेबलावर बसून ऑफिसविरुद्ध अर्ज लिहिणं मला बरं वाटेना, म्हणून आम्ही तो शुक्रवारी घरी लिहायचा असं ठरवलं. आजोबा म्हणाले, "तुझी नोकरी जाईल." थोड्या वेळानं म्हणाले, "टाइपरायटर मी वर काढून ठेवतो."

त्या अर्जात भाषणबाजी नको होती. पेंटरांना काय काय करता येत नाही त्याची साधी यादी हवी होती. मला वाटलं तासाभरात होईल.

"शर्टाची बटणं लागतात?" मी विचारलं.

"लागतात की वहिनी." घरी ते मला वहिनी म्हणत.

"कोण लावतं?"

ते गालिच्याकडे बघत राहिले. "खोलीत एक केरळवाला हाय. कामावर निघायच्या आधी लावून जातो."

"म्हणजे लागत नाहीत."

"तसं लिवू नका. मदत लागते असं लिवा."

"कुलूप?"

"उघडतं. जरा वेळ लागतो."

"पेंटर, माझ्याकडे बघून सांगा."

"न्हाई उघडत."

पहिल्या शुक्रवारी चार ओळी झाल्या. प्रत्येक ओळ लिहिली की ते एक क्षण तिच्याकडे बघत. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांना अक्षरांचं वळण बघायची सवय होती. दुसऱ्या शुक्रवारी मी जेवणाचं विचारलं. ते उठून गॅलरीत गेले. आजोबांनी मला खुणेनं थांब म्हटलं. बऱ्याच वेळानं पेंटर आत आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "ते तेवढं लिवू नका वहिनी. गावाकडं कुणी वाचलं तर."

तेव्हा कळलं. अपघातानंतर ते आमच्याकडे यायचे, पण जेवायला थांबायचे नाहीत. "आज पोट बरं न्हाई," म्हणायचे. खोलीवरसुद्धा बाकीच्या सहाजणांची जेवणं झाल्यावर, सगळे बाहेर गेले की, भिंतीकडे तोंड करून डाव्या हातानं जेवायचे. दहा महिने. आपल्यात डाव्या हातानं जेवणं म्हणजे काय, हे तुम्हा मुलांना समजावणं कठीण आहे. तुम्ही काट्या-चमच्यांत वाढलात. पेंटरांना ती ओळ उघड्यावर अंघोळ केल्यासारखी वाटत होती.

तुमची आई तेव्हा पंधरा वर्षांची. ती आतल्या खोलीतून ऐकत होती. ती स्वयंपाकघरात गेली, पाच ताटं घेतली, सगळ्यांच्या ताटात डावीकडे चमचा ठेवला आणि म्हणाली, "काका, टुडे वी आर ऑल ईटिंग लेफ्ट-हँडेड. ओके?" पाचवं ताट तिच्याबरोबर अभ्यासाला आलेल्या शेजारच्या मैत्रिणीचं होतं. त्या दिवशी आम्ही पाचजण डाव्या हातानं आमटीभात जेवलो. आजोबांनी निम्मी आमटी शर्टावर सांडली. पेंटर आमच्या सगळ्यांपेक्षा नीट जेवले. हसलेही. मग हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते उजव्या हाताच्या पाठीनं पुसले.

जाताना म्हणाले, "लिवा ते जेवणाचं."

तिसऱ्या शुक्रवारी यादी पुरी झाली. एक पान. लेबर ऑफिससमोरच्या टायपिंग सेंटरमध्ये तिचं अरबी झालं. टाइप करणारा मल्याळी तरुण मजकूर टाइप करता करता हळू हळू थांबला, जेवणाच्या ओळीवर तर पूर्णच थांबला, आणि त्यानं पेंटरांकडे एकदा बघून घेतलं. पेंटर त्याच्या पडद्यावरची अरबी अक्षरं तपासत होते.

पुढे चार महिने तारखा पडत राहिल्या. पेंटरांचा पगार बंद झाला, तरी ते रोज शेडमध्ये येऊन बसत. मॅनेजर माझ्याशी कामापुरतं बोलू लागले. मधल्या काळात घरी सराव चालू होता. आजोबा डॉक्टर व्हायचे, खुर्चीत बसून कप पुढे करायचे.

"घ्या पेंटर."

उजवा हात पुढे.

"अहो, डावा. उजव्यानं धरता येत नाही हेच तर दाखवायचंय."

"चुकलं साहेब. परत द्या."

पुन्हा उजवा. आजोबा कप टेबलावर ठेवून म्हणायचे, "तुमच्याशी कुणी भांडू शकणार नाही पेंटर. तुम्ही स्वतःविरुद्धच साक्ष देता." शेवटी असं ठरलं की काही घ्यायचंच नाही, दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि कसं आहे विचारलं तर "नहीं होता साहब" एवढंच म्हणायचं. ते तीन शब्द ते बसमध्ये पुटपुटत जायचे.

दुसऱ्या तपासणीला तीन डॉक्टर होते. पहिले वयस्क डॉक्टरही त्यांत होते. पेंटरांनी त्यांना बघितलं आणि त्यांचा चेहरा अपराध्यासारखा झाला. त्यांनी वाकून सलाम केला. ह्या वेळी कहवा नव्हता. त्यांना टेबलावरचं नाणं उचलायला सांगितलं. तीनदा निसटलं. कागद चिमटीत धरायला सांगितला. धरला, मधल्या डॉक्टरांनी दुसऱ्या टोकाला हलकेच ओढला, तो आला. मग त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि मला म्हणाले, "टोचलं की त्यांनी सांगायचं."

पेंटरांनी डोळे घट्ट मिटले. लहान मूल लपंडावात मिटतं तसे. डॉक्टरांनी बारीक सुई घेतली, करंगळीला लावली, मग तिच्या शेजारच्या बोटाला, मग अंगठ्याला. पेंटर तसेच बसले होते. डॉक्टरांनी जरा जोरानं लावली. अंगठ्यावर रक्ताचा एक थेंब उभा राहिला.

थोड्या वेळानं पेंटर डोळे न उघडता मला म्हणाले, "मॅडम, सुरू करायला सांगा की त्यांना."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. ह्या वेळीही मी स्वतःचं काही मिसळलं नाही. मी इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, तपासायला सुरुवात करा."

वयस्क डॉक्टर उठले, कापसाचा बोळा घेऊन आले आणि त्यांनी स्वतः तो थेंब पुसला. मग पेंटरांना डोळे उघडायला सांगितलं.

महिन्याभरात नवा दाखला आला. उजव्या हाताची नस कायमची निकामी, पकड नाही, संवेदना नाही, पूर्वीचा व्यवसाय करण्यास कायमचा अपात्र. इन्शुरन्सनं क्लेम मंजूर केला. मी धावत शेडमध्ये गेले आणि ओळ न ओळ मराठी करून त्यांना वाचून दाखवली. आम्ही जिंकलो होतो. पेंटरांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हंजे आता नक्की," ते म्हणाले.

"हो. आता कुणी नाकारू शकत नाही."

"तसं न्हवं. हात येणार न्हाई, हे नक्की."

मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं की ते वाट बघत होते. रोज सकाळी एक जुना ब्रश घेऊन ते पाण्यानं फरशीवर अक्षरं काढायचा प्रयत्न करायचे, हे मला त्यांच्या खोलीतल्या माणसानं पुढे सांगितलं. त्या दिवसानंतर त्यांनी ते सोडून दिलं.

कामाला अपात्र म्हटल्यावर व्हिसा रद्द झाला आणि तिकीट आलं. जायच्या दिवशी सकाळी लेबर ऑफिसात जाऊन भरपाई पोचल्याची सही करायची होती. तेवढं झालं की कंपनीची गाडी त्यांना परस्पर विमानतळावर सोडणार होती. गडहिंग्लजहून पुढे चार-पाच वर्षं दिवाळीला पत्र येत असे, मजकूर त्यांचा, अक्षर मुलीचं. मग पत्रं थांबली. मी त्यांना पाहिलं ते त्या सकाळी शेवटचं.

खिडकीतला तरुण अधिकारी सभ्य होता. त्यानं कागद पुढे सरकवला. पेंटरांनी डाव्या हातानं सही केली. त्यांनी तिचा सराव केला होता आणि ती वाईट नव्हती. अधिकाऱ्यानं ती पासपोर्टावरच्या सहीशेजारी धरली. पासपोर्टावरची सही म्हणजे एखाद्या दुकानाच्या बोर्डासारखी, प्रत्येक अक्षर तोललेलं. त्यानं दोन्हींकडे तीनदा बघितलं आणि मान हलवली.

"सेम नाही, मॅडम. बसमा," तो म्हणाला आणि शाईचं पॅड पुढे केलं.

बसमा म्हणजे अंगठा. पेंटर इतक्या वर्षांत तेवढं अरबी शिकले होते. ते पॅडकडे बघत राहिले.

"मॅडम, सांगा त्यांना," ते हळूच म्हणाले. "मला लिवता येतंय."

मी सांगितलं. तो म्हणाला, मला माहीत आहे, पण सही जुळत नाही, मी काय करू. त्याचं खरं होतं. मागे लाइन होती.

पेंटरांनी उजवा अंगठा पॅडवर ठेवला. पण किती दाबायचं ते त्यांना कळेना. अधिकाऱ्यानं खिडकीतून हात बाहेर काढून त्यांचा अंगठा आपल्या चिमटीत धरला, पॅडवर दाबला आणि मग कागदावर टेकवला. उचलताना तो थोडा सरकला.

पेंटर वाकून बघू लागले. "हे पसरलं," ते म्हणाले. "दुसरा कागद मागा मॅडम. परत देतो."

"खलास, खलास. मबरूक," अधिकाऱ्यानं झालं म्हणून अभिनंदन केलं, शिक्का मारला आणि पुढचा नंबर पुकारला.

पेंटर खिडकीशी तसेच उभे होते. मागचा माणूस त्यांच्या बाजूनं हात घालून आपले कागद आत सारू लागला, तेव्हा मी त्यांच्या कोपराला धरून त्यांना बाजूला घेतलं.

बाहेर कंपनीची गाडी उभी होती. बॅग आधीच ठेवली होती. मी पर्समधून टिश्यू काढून दिला, तर म्हणाले, "नको. सुकू दे." मग ड्रायव्हरशेजारी बसले. दार मी लावलं. गाडी निघाली, शेवटच्या खांबापाशी वळली, तोपर्यंत त्यांनी उजवा हात शर्टापासून लांब, खिडकीबाहेर हवेत धरून ठेवला होता. शाई सुकली की नाही ते त्यांना बघूनच कळलं असतं, आणि ते तिकडे बघत नव्हते.